नाकाची ॲलर्जी : डॉक्टरांची औषधे आणि आपली समज

नाक वाहणे हा आजार आहे असे आपल्याकडे सहसा कोणी मानत नाही. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, हगवण लागली तर जातो. परंतु सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ दहा-पंधरा शिंका येणे, नाकातून पाण्यासारखा द्रव गळणे, नाक, टाळू व डोळे खाजणे, रात्री नाक चोंदून तोंडाने श्वास घ्यावा लागणे, या सर्वांची आपण "याचा कोठाच सर्दीचा आहे" या एका वाक्यात बोळवण करतो. वर्षामागून वर्षे निघून जातात. धान कापणारी बाई शिंकत शिंकत कापते, राईस मिलमधला हमाल नाक पुसत पोती उचलतो, आणि वर्गात ज्या पोराचे नाक सतत वाहते त्याला "शेंबडा" हे नाव कायमचे चिकटते. आपल्या वस्तीतील मुलांना ठेवलेल्या नावांची यादी आधीच पुरेशी लांब आहे. उपचार होऊ शकणाऱ्या एका आजाराची त्यात भर पडू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

दुसरीकडे, या दुखण्याने बेजार झालेला माणूस जेव्हा उपाय शोधतो तेव्हा तो बहुधा चुकीच्या दाराने आत शिरतो. कोणी दुकानातून थेंबांची बाटली आणतो व महिनोन्‌महिने नाकात टाकतो. कोणी झोप आणणारी गोळी खाऊन मोटारसायकल चालवतो. कोणी "एका सुईत बंद" करणाऱ्याकडे दर हंगामात जाऊन स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतो आणि पुढे रक्तातील साखर वाढली की नशिबाला दोष देतो. म्हणून प्रस्तुत लेखात नाकाच्या ॲलर्जीवर डॉक्टर कोणकोणती औषधे लिहून देतात, ती कशी काम करतात, कशी घ्यावीत आणि कोणत्या ठिकाणी सावध राहावे, याची माहिती देण्याचे योजिले आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेत शिकलेले, बँकेत कारकुनी करणारे आहोत. तेव्हा हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नये. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी नीट कळावी आणि त्यांना चार प्रश्न धीटपणे विचारता यावेत, एवढ्यासाठी तो वाचावा.

विनयपिटकातील नाकाचे औषध

औषधाचा विचार धम्माला परका नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भैषज्याचा एक संपूर्ण खंधक आहे. त्याचा आरंभच शरद ऋतूत भिक्खूंना होणाऱ्या आजाराने होतो, आणि तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी या पाच औषधांना अनुमती दिल्याचे त्यात सांगितले आहे. त्याच खंधकात भदंत पिलिंदवच्छ यांच्या मस्तकातील दाहाची हकीकत येते. डोक्याला तेल लावून बरे वाटेना म्हणून नाकावाटे औषध घालण्याची अनुमती देण्यात आली. औषध नाकातून ओघळू लागले म्हणून ते घालण्यासाठी नळीसारख्या उपकरणाची अनुमती मिळाली. दोन्ही नाकपुड्यांत औषध सारखे पडेना म्हणून दुहेरी नळीचे उपकरण वापरण्यास सांगण्यात आले. औषध कोणते, एवढ्यावर न थांबता ते नेमके जागेवर व सारख्या प्रमाणात पोहोचते की नाही, याचा विचार त्या काळी झाला होता. आज नाकात स्प्रे मारताना आपण नेमका हाच विचार करीत नाही.

तक्षशिलेत सात वर्षे शिकलेल्या जीवकाने साकेत नगरीतील श्रेष्ठीच्या पत्नीचे सात वर्षांचे डोकेदुखीचे दुखणे औषधी तुपाच्या नस्याने बरे केल्याची कथाही महावग्गात आहे. आणि अतिसाराने लोळागोळा झालेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदासह स्नान घालून त्याची शुश्रूषा केली, हे तर आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचे निवारण शक्य आहे आणि त्याचा मार्ग आहे, ही मांडणी चांगल्या वैद्याच्या विचारपद्धतीशी जुळते. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

ॲलर्जी म्हणजे काय?

"ॲलर्जी" हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली प्रथम वापरला. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षण यंत्रणा असते. काही माणसांत ही यंत्रणा निरुपद्रवी वस्तूलाही शत्रू समजते. परागकण, घरातील धूळ, बुरशी, जनावरांचा कोंडा यांसारख्या वस्तूविरुद्ध शरीर "आयजीई" नावाचे प्रतिद्रव्य तयार करते. या प्रतिद्रव्याचा शोध १९६० च्या दशकात लागला. ते नाकाच्या अस्तरातील मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तीच धूळ नाकात गेली की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामाइन व इतर द्रव्ये सोडतात. हिस्टामाइनमुळे खाज सुटते, शिंका येतात, नाक गळते. काही तासांनी इतर पेशी तेथे जमा होतात, अस्तर सुजते आणि नाक चोंदते. बँकेच्या दारावरील पहारेकऱ्याने पासबुक भरायला आलेल्या म्हाताऱ्यालाच दरोडेखोर समजून भोंगा वाजवावा, तसा हा प्रकार आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, हा आजार संसर्गजन्य नाही. शिंकणाऱ्या नातेवाईकाचा पेला वेगळा ठेवण्याचे काही कारण नाही. दोन, हा जंतूंचा आजार नसल्याने प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, त्यावर उपयोग होत नाही. ॲलर्जीच्या शिंकांसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या खाणे म्हणजे पैसा वाया आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या औषधाची धारही बोथट.

साधी सर्दी आणि ॲलर्जी यांतील फरक सोपा आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, सोबत अंग दुखते, कधी ताप येतो, आणि बहुधा आठ-दहा दिवसांत ती उतरते. ॲलर्जीत ताप नसतो, खाज फार असते, स्राव पाण्यासारखा पातळ असतो आणि त्रास ठराविक जागी, ठराविक हंगामात किंवा बारमाही येत राहतो. घरात दमा, इसब किंवा अशाच शिंकांचा इतिहास असेल तर संशय अधिक बळावतो.

आपल्या जिल्ह्यातील कारणे

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा धानाचा जिल्हा आहे. हलका धान दसऱ्याच्या सुमारास आणि भारी धान दिवाळीनंतर निघतो. कापणी, चुरणी, उफणणी, थ्रेशर, तणसाचे ढीग, पुढे राईस मिलचा कोंडा आणि भुसा, असा धुळीचा प्रवास कित्येक महिने चालतो. उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत तो वर्षातून दुसऱ्यांदा सुरू होतो. या धुळीत गवतवर्गीय वनस्पतींचे कण असतात, ओल्या तणसावर वाढलेल्या बुरशीचे बीजाणू असतात आणि कोंड्यातील कुसळासारखे टोचणारे कणही असतात. पैकी काही खऱ्या अर्थाने ॲलर्जी करतात, तर काही नुसतेच अस्तराला खुपतात. त्रास मात्र दोन्हींनी होतो.

पावसाळा संपता संपता रस्त्याच्या कडेला व पडीत जागेत गाजरगवत फुलते. हे परदेशी तण १९५० च्या दशकात प्रथम पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे पराग नाकाला आणि स्पर्श कातडीला बाधतो. ते उपटायचे असेल तर फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि तोंड-नाक बांधून उपटावे.

घराच्या आतील कारणे वेगळी आहेत. गादी, उशी, गोधडी यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे राहतात. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात, आणि त्यांची विष्ठा हे बारमाही ॲलर्जीचे मोठे कारण आहे. पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी, झुरळे, चुलीचा धूर, विडीचा धूर आणि तंबाखूची पूड यांचाही वाटा आहे. कार्यालयांतील जुन्या लेजर-फायलींच्या खोल्याही यातून सुटत नाहीत. विहारात वंदनेच्या वेळी बंद दालनात एकाच वेळी लागणाऱ्या अगरबत्त्यांचाही विचार व्हावा. वर्षावासात ग्रंथवाचनाला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या धुराने ठसका लागतो, हे आपण पाहतोच.

आजाराची पायरी ठरवणे

औषध लिहिताना डॉक्टर आधी आजाराची पायरी ठरवतात. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तज्ज्ञांचा एक गट एकत्र आला व त्यांनी केलेली विभागणी आज सर्वत्र वापरली जाते. आठवड्यात चारपेक्षा कमी दिवस किंवा सलग चारपेक्षा कमी आठवडे त्रास असेल तर तो "अधूनमधून होणारा". आठवड्यात चार किंवा अधिक दिवस आणि सलग चार किंवा अधिक आठवडे असेल तर तो "टिकून राहणारा". झोप, शाळा, काम, खेळ यांत अडथळा येत नसेल तर तो "सौम्य". यांपैकी एकही बिघडत असेल तर "मध्यम ते तीव्र". म्हणून दवाखान्यात जाताना "सर्दी आहे" एवढेच न सांगता किती दिवसांपासून, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या कामानंतर आणि झोप किती बिघडते हे सांगावे. एका कागदावर पंधरा दिवसांची नोंद लिहून नेली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

औषधे कोणती?

१. हिस्टामाइनविरोधी गोळ्या : यांच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीतील क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन ही औषधे स्वस्त आहेत, पण ती मेंदूपर्यंत पोहोचतात व गुंगी आणतात. तोंड कोरडे पडते. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेट वाढलेले असेल तर लघवी अडू शकते. काचबिंदूच्या विशिष्ट प्रकारात डोळ्याला धोका होतो. ट्रॅक्टर, थ्रेशर, ट्रक चालवणाऱ्याने ती घेऊन कामावर जाणे धोक्याचे आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलाला देणेही योग्य नव्हे.

नव्या पिढीत सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन इत्यादी औषधे येतात. प्रौढांसाठी सेट्रिझिन व लोराटाडिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम अशी दिवसातून एकदाची मात्रा सर्वसाधारणपणे लिहितात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास यांतील काहींची मात्रा कमी करावी लागते. सेट्रिझिन व लेव्होसेट्रिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिनने ती क्वचितच येते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्यावे. फळांच्या रसाबरोबर घेतल्यास ते शरीरात कमी शोषले जाते. या गोळ्या शिंका, खाज, नाक गळणे यांवर चांगल्या चालतात, परंतु चोंदलेले नाक त्यांनी फारसे मोकळे होत नाही. "गोळी खाऊनही नाक बंदच" ही तक्रार असेल तर औषध खोटे आहे असे समजू नये. पुढच्या पायरीची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

औषधशास्त्र अनुभवाने सुधारते, याचे उदाहरणही याच गटात आहे. टर्फेनाडिन हे गुंगी न आणणारे औषध एकेकाळी फार वापरात होते. काही परिस्थितींत ते हृदयाचे ठोके बिघडवते असे दिसून आले आणि भारतात २००३ साली त्यावर बंदी आली. आजचे फेक्सोफेनाडिन हे त्याच औषधापासून शरीरात तयार होणारे, पण हृदयाला तो धोका न करणारे रूप आहे.

२. नाकात मारायचे स्टिरॉइडचे स्प्रे : टिकून राहणाऱ्या व मध्यम ते तीव्र त्रासावर सर्वांत परिणामकारक औषध म्हणून डॉक्टर यांच्याकडे पाहतात. बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही त्यांची नावे. ते अस्तराची सूज उतरवतात. त्यामुळे शिंका, स्राव व चोंदणे या तिन्हींवर त्यांचा परिणाम होतो, आणि पुष्कळांना डोळ्यांनाही आराम पडतो.

"स्टिरॉइड" हा शब्द ऐकून अनेक जण बाटली बाजूला ठेवतात. त्यांच्यासाठी हिशोब मांडतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा एक फवारा ५० मायक्रोग्रॅमचा असतो. दोन्ही नाकपुड्यांत प्रत्येकी दोन, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची एक १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नव्हे. परंतु स्प्रेचे औषध अल्प असते, जागेवरच काम करते आणि रक्तात फारच थोडे उतरते, एवढे त्यावरून कळावे. नाक कोरडे पडणे, थोडे रक्त येणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. लहान मुलांत कमीत कमी मात्रा वापरून डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात. डोळ्यात काचबिंदू वा मोतीबिंदू असल्यास तसे आधी सांगावे.

या स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून "काही फरक नाही" म्हणून टाकून देणे ही सर्वसाधारण चूक होय. ज्यांना धान कापणीच्या दिवसांतच त्रास होतो त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, स्प्रे सुरू केला तर दसरा-दिवाळीच्या मजुरीचे दिवस वाया जात नाहीत, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या गर्दीत जाणेही सुकर होते.

स्प्रे मारण्याची रीत : आधी नाक शिंकरून मोकळे करावे. बाटली हलवावी. मान किंचित पुढे झुकवावी, मागे टाकू नये. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे टोक आपोआप नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला वळते. पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येते. फवारा मारताना हळू श्वास घ्यावा. जोरात ओढल्यास औषध घशात जाते. नंतर टोक पुसून ठेवावे. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

३. हिस्टामाइनविरोधी स्प्रे : ॲझेलास्टिनचा स्प्रे थोड्याच वेळात गुण देतो. चव कडवट लागते व काहींना झोप येते. एकट्या स्टिरॉइड स्प्रेने भागत नसेल तर दोन्ही औषधे एकत्र असलेला स्प्रे डॉक्टर लिहितात.

४. नाक मोकळे करणारे थेंब : ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन हे थेंब पाच-दहा मिनिटांत नाक मोकळे करतात, आणि इथेच माणूस फसतो. ते फक्त रक्तवाहिन्या आकुंचित करतात. ॲलर्जीवर काही करीत नाहीत. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरले तर परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि हे चक्र सुरू राहते. अशी सवय जडली असेल तर लाज न बाळगता कान-नाक-घसा तज्ज्ञांना सांगावे. स्टिरॉइड स्प्रेच्या आधाराने ती सोडवता येते. तोंडाने घ्यायच्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही नाक मोकळे करणारी औषधे असतात. उच्च रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत.

५. मॉन्टेलुकास्ट : आपल्याकडे लेव्होसेट्रिझिनसोबत एकाच गोळीत ही पुष्कळ लिहिली जाते. दम्याची जोड असलेल्या रुग्णांत तिचा उपयोग आहे. मात्र या औषधाने काहींच्या मनावर परिणाम होतो : वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये याविषयी सर्वांत कडक इशारा दिला आणि केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते इतर औषधांनी गुण न आल्यासच वापरावे असे सांगितले. घरात कोणी ही गोळी घेत असेल, विशेषतः मूल, तर त्याच्या वागण्यात बदल दिसल्यास डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.

६. ॲलर्जीची लस : १९११ साली लंडनच्या लिओनार्ड नून यांनी परागकणांचा अर्क टोचून शरीराला त्याची सवय लावण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजही तेच तत्त्व आहे. कातडीवर चाचणी करून नेमके कारण शोधतात. त्यापूर्वी काही दिवस हिस्टामाइनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. नंतर त्या वस्तूचा अर्क थोड्या थोड्या वाढत्या प्रमाणात इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात. उपचार तीन ते पाच वर्षे चालतो. तो खर्चिक असून प्रत्येकाला आवश्यकही नाही. इंजेक्शननंतर तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका असल्याने निदान अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. म्हणून तो तज्ज्ञांकडेच घ्यावा. दमा आटोक्यात नसताना घेऊ नये.

"एका सुईत बंद" करणारे इंजेक्शन

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. खेड्यापाड्यांत शिंकांवर दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडचे इंजेक्शन देणारे आढळतात. गुण खरोखर येतो, आणि तोही दुसऱ्याच दिवशी. त्यामुळे देणाऱ्याचे नाव होते व घेणाऱ्याचा विश्वास बसतो. परंतु हे औषध नाकापुरते राहत नाही, सर्व शरीरात पसरते. वारंवार घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते आणि शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार करणारी ग्रंथी मंदावते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नाकातून डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या काळ्या बुरशीने किती माणसे गेली, किती जणांचे डोळे गेले, हे आपण विसरलेलो नाही. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा अनिर्बंध वापर ही त्यामागची मोठी कारणे होती. नाकाच्या ॲलर्जीसाठी अशी इंजेक्शने देऊ नयेत असेच तज्ज्ञांचे मत आहे. क्वचित अतितीव्र त्रासात डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. ती गोष्ट वेगळी, आणि ती त्यांच्या देखरेखीखालीच व्हावी.

तथागतांनी कालामांना, केवळ परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा उपदेश केला होता. सुई टोचणाऱ्यालाही तोच न्याय लावावा. "हे कोणते औषध? चिठ्ठीवर नाव लिहून द्या" एवढे म्हणावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून टोचून घेऊ नये.

लहान मुले व गर्भवती स्त्रिया

मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या सर्दी-खोकल्याच्या सिरपने अनेक बालके दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. ती मुले साध्या सर्दीसाठी औषध घेत होती. सिरप म्हणजे सरबत नव्हे, हे त्या आईबापांच्या दुःखातून तरी आपण शिकावे.

मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत चणा, मणी, कागद असे काही अडकले असण्याची शक्यता असते. घरी काढण्याचा प्रयत्न न करता दवाखाना गाठावा. गर्भवतीने स्वतःहून काही घेऊ नये, पण सोसतही बसू नये. तिच्यासाठी तुलनेने सुरक्षित औषधे डॉक्टरांजवळ आहेत.

धाप लागणे, छातीत सूं-सूं वाजणे, एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, वारंवार रक्त येणे, चेहरा दुखून घट्ट पिवळा स्राव येणे, वास न येणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नये. नाक व फुप्फुस ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके आहेत. नाकाच्या ॲलर्जीबरोबर दमा पुष्कळदा आढळतो आणि नाक सांभाळले तर दमाही सांभाळायला सोपा जातो.

खर्च आणि सोय

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले असून केटीएस सामान्य रुग्णालय त्याच्याशी जोडलेले आहे. त्यामुळे सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या माणसाला तज्ज्ञ गाठण्यासाठी दर वेळी नागपूरच गाठावे लागेल असे आता राहिलेले नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत हीच औषधे मूळ नावाने कमी किमतीत मिळतात. म्हणून चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे.

स्प्रेची बाटली महाग वाटते, पण हिशोब करून पाहावा. १२० फवाऱ्यांची बाटली दिवसाला चार फवाऱ्यांनी ३० दिवस पुरते. त्रास आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी मात्रा दोनवर आणली की ६० दिवस. दर आठवड्याच्या इंजेक्शनांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि पुढच्या मधुमेहाचा खर्च दुसऱ्या रकान्यात लिहिला म्हणजे कोणते स्वस्त ते आपोआप कळते.

औषधाबरोबर करावयाच्या गोष्टी

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा साधा व उपयुक्त उपाय आहे. उकळून कोमट केलेल्या एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलीटर, पाण्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ घालावे. विहिरीचे वा नळाचे न उकळलेले पाणी नाकात घालू नये. स्प्रे मारायचा असेल तर तो नाक धुतल्यानंतर मारावा. चुरणीच्या वेळी नाकावर मास्क किंवा निदान दुपदरी दुपट्टा बांधावा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उफणावे, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत. उशा-गोधड्या कडक उन्हात वाळवाव्यात, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. घरात विडी ओढू नये.

विहारासाठी एक नम्र सूचना. वंदनेच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, अगरबत्ती एखादीच लावावी, तीही दाराजवळ. बुद्ध जयंतीपूर्वीची झाडझूड व रंगरंगोटी ज्यांना त्रास होतो त्यांच्यावर सोपवू नये. पूजेचा भाव धुराच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. वर्षावासातील एखाद्या रविवारी कान-नाक-घसा तज्ज्ञांना बोलावून तपासणी शिबिर घेतले, स्प्रे मारण्याची रीत बाटली हातात देऊन शिकवली, तर आपल्या संस्थेच्या हातून एक नित्याचे दुःख हलके होईल.

नाकाची ॲलर्जी बहुधा मुळासकट जात नाही, पण ती आटोक्यात राहते. आटोक्यात राहिलेला माणूस शांत झोपतो, पूर्ण दिवस काम करतो, आणि त्याचे मूल वर्गात पहिल्या बाकावर बसून नाक न पुसता गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देते. तेवढ्यासाठी योग्य डॉक्टर, योग्य औषध आणि थोडा धीर एवढ्याच गोष्टी लागतात. त्या आपल्या आवाक्यातल्या आहेत. सर्व समाजबांधवांना व भगिनींना उत्तम आरोग्य लाभो, ही मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!